वरचं परमिट काढू नका: कारखाना व्यवस्थापकांना खुले पत्र

कारखाने चालवणाऱ्या व्यवस्थापक मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी पाळी सुरू झाली की तुमच्या टेबलावर परमिटांची, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याच्या लेखी परवानग्यांची, चळत येते. उंचीवरचं काम, वेल्डिंगचं काम, टाकीत उतरायचं काम, विजेचं काम. प्रत्येकामागे रिस्क असेसमेंटचा, म्हणजे त्या कामातल्या धोक्यांच्या आढाव्याचा, कागद टाचलेला असतो. पंधरावीस सह्या दहा मिनिटांत उरकतात आणि कामं सुरू होतात. हे पत्र त्या दहा मिनिटांबद्दल आहे. आम्ही मेंटेनन्स, ऑपरेशन आणि सुरक्षा विभागातली माणसं. हे कागद भरणारे आम्हीच, त्यामुळे त्यात काय काय राहून जातं हेही आम्हालाच जास्त ठाऊक.

त्या चळतीतले कुठलेही दोन कागद शेजारी ठेवून वाचा. पंप उघडायचा असो की छताचा पत्रा बदलायचा असो, मजकूर तोच: ‘पीपीई (हेल्मेट, हातमोजे अशी संरक्षक साधने) वापरावे. काळजीपूर्वक काम करावे. सुपरवायझरने हजर राहावे.’ गेल्या वर्षीची फाइल उघडून तारीख बदललेली असते. कधी कधी उपकरणाचा टॅग नंबरही जुनाच राहतो आणि त्यावरही सही होते. या कागदातलं एकही वाक्य खोटं नसतं. फक्त तो कागद समोरच्या कामाबद्दल नसतो.

समोरच्या कामाबद्दल म्हणजे काय, ते टाकी साफ करण्याच्या साध्या कामावरून पाहू. टाकी रिकामी केली आहे, तळाला गाळ आहे, दोन माणसं आत उतरून तो काढणार आहेत.

पहिला प्रश्न: या टाकीला किती लाइनी, म्हणजे पाइप, येतात? ड्रॉइंगवर नव्हे, टाकीभोवती फेरी मारून मोजायच्या. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन तोडली असं होत नाही. व्हॉल्व्हची आतली बैठक (सीट) झिजली, सीटवर कचरा अडकला की व्हॉल्व्ह पास होतो, म्हणजे बंद असूनही आतून गळतो, आणि बाहेरून ते कळत नाही. लाइन एक तर सोडवून बाजूला करायची, नाही तर फ्लॅन्जमध्ये (पाइपच्या बोल्टच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी भरीव चकती, टाकायचं आणि कोणतं ब्लाइंड कुठे टाकलं याची यादी परमिटला जोडायची. हमखास विसरली जाते ती नायट्रोजनची अर्ध्या इंची लाइन. बारीक असते, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणि घात करते तीच. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर आत जायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तो इतका कडक का, हे फार थोड्यांना सांगितलं जातं. श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत माणूस नेहमीसारखा श्वास घेत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे दम लागत नाही, घुसमट होत नाही. ऑक्सिजन सहा-आठ टक्क्यांच्या खाली असेल तर काही श्वासांतच शुद्ध जाते. ‘काही वाटलं तर लगेच बाहेर ये’ ही सूचना इथे निरुपयोगी आहे, कारण काही वाटतच नाही. बरं, त्यासाठी नायट्रोजनच लागतो असंही नाही. बरेच दिवस बंद ठेवलेल्या लोखंडी टाकीत नुसता गंजही ऑक्सिजन खाऊन टाकतो, आत साधं पाणीच असलं तरी.

उलट बाजूही आहे. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की साधे कपडेही भराभर पेटतात. आतल्या माणसाला हवा मिळावी म्हणून गॅस कटिंगच्या ऑक्सिजनचा पाइप टाकीत सोडणारा माणूस भल्याच्याच हेतूने ते करत असतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता गॅस टेस्ट. परमिटवर तीन आकडे असतात: ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, विषारी वायू. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. नेहमीच्या मीटरमधला ज्वालाग्राही वायूचा सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. तो पुरेसा नसेल तर टाकी वायूने भरलेली असूनही मीटर शून्याच्या आसपास दाखवतं. म्हणून आधी ऑक्सिजन पाहायचा, मग दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. हा दुसरा आकडा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत निदान जेवढा वायू असला तर तो पेटू शकतो, त्या प्रमाणाच्या) १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कुणी आत जायचं नाही, आणि वेल्डिंग-कटिंग असेल तर तो शून्यच हवा.

टेस्ट मॅनहोलच्या तोंडाशी हात धरून करून चालत नाही. मिथेन हलका, तो वर जातो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी, अशा तीन पातळ्यांवर नमुना घ्यायचा. नळी आत सोडली की लगेच आकडा लिहायचा नाही, नळीतली जुनी हवा निघून तळाची हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. मीटरच्या पुस्तिकेत दर मीटर नळीला किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं. दहा मीटर नळी लावून पाच सेकंदांत लिहिलेला आकडा हा मॅनहोलबाहेरच्या हवेचा आकडा असतो.

समजा हेही सगळं नीट झालं. सकाळी नऊची टेस्ट स्वच्छ आली, माणसं उतरली, फावडं गाळात घातलं. गाळात अडकलेला वायू आता सुटू लागतो. नऊचा आकडा साडेनऊला शिळा झालेला असतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर चालू मीटर हवं आणि त्या मीटरची त्या दिवशीची बंप टेस्ट, म्हणजे थोडा वायू देऊन अलार्म वाजतो का याची तपासणी, झालेली हवी. मागे चिकटवलेला कॅलिब्रेशनचा स्टिकर तेवढ्याला पुरत नाही. नाकावर तर मुळीच भिस्त ठेवायची नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे खरं, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) आसपास काही मिनिटांतच नाक बधिर होतं. वास गेला म्हणून हायसं वाटतं, तेव्हा वायू वाढलेला असतो.

मॅनहोलपाशी बसवलेल्या माणसाचं काम एकच: आतल्यांवर नजर ठेवणं आणि गडबड झाली तर मदत बोलावणं. आत जाणं हे त्याचं काम नाही. पण आतला सोबती पडलेला दिसला की माणूस थांबत नाही, उडी घेतो आणि तोही पडतो. मग तिसरा. टाक्यांमधल्या अपघातांत एकामागून एक बळी जातात ते असे. हे केवळ शिकवणुकीने थांबत नाही. बाहेरून ओढून काढायची सोय आधीच लावलेली असेल तरच थांबतं: ट्रायपॉड, विंच आणि आतल्या माणसाच्या हार्नेसला आधीपासून जोडलेला दोर. आणि पाठीवर श्वसनाचं सिलिंडर बांधलेला माणूस ४५० मिलिमीटरच्या मॅनहोलमधून जातो का, हे अपघाताच्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी करून पाहायचं.

एवढी चर्चा झाली की कुणीतरी, बहुधा सगळ्यात जुना ऑपरेटर, विचारतो: आत जायलाच हवं का? बाहेरून वॉटर जेट लावून गाळ पातळ करून पंपाने काढता येणार नाही का? रिस्क असेसमेंटमधला खरा पहिला प्रश्न हाच. धोका मुळातच काढून टाकता येतो का? नाही तर सौम्य पर्याय आहे का? नाही तर यंत्राने अडवता येतो का? त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. आमचे कागद नेमके उलट्या टोकापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

आता रिस्क असेसमेंटच्या कागदावरच्या त्या रंगीत चौकटीबद्दल. तीव्रता एक ते पाच, शक्यता एक ते पाच, गुणाकार करायचा, लाल आला तर काम नाही. कल्पना चांगली आहे. पण काम तर करायचंच असतं, म्हणून आम्ही आकडे वळवतो. सरळ कबुली देतो: आधी हिरवा रंग ठरतो, मग त्याला जुळणारे आकडे बसवले जातात. नेहमीची युक्ती अशी. उंचीवरच्या कामाची तीव्रता पाच. मग ‘सेफ्टी बेल्ट वापरणार’ असं लिहून ती दोनवर आणायची. पण बारा मीटरवरून पडलेल्या माणसाला काय होतं, हे बेल्टच्या उल्लेखाने बदलत नाही. बेल्ट नीट अडकवला असेल तर जमिनीवर आपटण्याची शक्यता कमी होते, एवढंच. यापुढे ज्या कागदावर प्रशिक्षण किंवा पीपीईच्या जोरावर तीव्रतेचा आकडा उतरलेला दिसेल, तो परत पाठवा.

बेल्टचा हिशेबही तिथेच मांडायला सांगा. लॅनयार्डची, म्हणजे बेल्टला हुकाशी जोडणाऱ्या दोराची, लांबी १.८ मीटर. झटका शोषणारा पॅक उलगडला की आणखी सुमारे १.१ मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय एक मीटर राखीव. बेरीज ५.४ मीटर. म्हणजे हुक ज्या जागी अडकवला आहे ती जागा खालच्या जमिनीपासून किंवा वाटेतल्या पाइपपासून साडेपाच मीटर उंच नसेल, तर बेल्ट घातलेला माणूसही खाली आदळणार. चार मीटरवरच्या पाइपरॅकवर पायाशी हुक अडकवलेली माणसं तुम्हाला रोज दिसतात आणि त्यांचा फोटो सुरक्षा सप्ताहाच्या फलकावर लागतो. तिथे डोक्यावर अँकर (हुक अडकवायची पक्की जागा) आणि झटका बसताच दोर अडवणारा आखडणारा ब्लॉक हवा, आणि त्याहून बरं म्हणजे कठडा असलेला मचाण. शिवाय पडून हार्नेसला लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कसं आणणार, हेही लिहिलेलं हवं, कारण नुसतं लटकून राहणंही जिवावर बेततं.

यंत्र कुलूपबंद करण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण कुलपं सगळ्यांकडे आहेत. गडबड कुलपात नाही, त्यानंतरच्या दोन पायऱ्यांत आहे. इमर्जन्सी स्टॉप दाबणं किंवा पॅनलवरचा सिलेक्टर ‘ऑफ’ करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे, ते फक्त कंट्रोल सर्किट आहे. मुख्य आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) उघडायचा, ज्याचा हात यंत्रात जाणार त्याने स्वतःचं कुलूप लावायचं, चावी त्याच्याच खिशात. मग साठलेली ऊर्जा काढायची: हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटरमधला दाब, हवेच्या सिलिंडरमधली हवा, दाबलेली स्प्रिंग, ड्राइव्हमधले चार्ज झालेले कपॅसिटर, कन्व्हेयरचं लोंबतं वजन. आणि शेवटी यंत्र चालू करून पाहायचं. चालू झालं नाही तरच हात घालायचा. विजेच्या कामात टेस्टर आधी चालू लाइनवर, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर लावायचा, नाही तर ‘वीज नाही’ आणि ‘टेस्टर बिघडलाय’ यांतला फरक कळत नाही. या पायऱ्यांना फार वेळ लागत नाही, आणि तरी घाई असली की गाळल्या जातात त्या याच.

परमिट ही पद्धत किती नाजूक असते, हे ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर दिसलं. कंडेन्सेट (वायूतून निघणारं हलकं द्रव इंधन) पंपांच्या जोडीतल्या एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. उघड्या टोकाला नुसती ब्लाइंड फ्लॅन्ज (भरीव झाकण) लावलेली होती. काम संध्याकाळी पुरं झालं नाही. त्या व्हॉल्व्हचं परमिट वेगळं, पंपाचं वेगळं, आणि दोन्हींचा एकमेकांत उल्लेख नाही. व्हॉल्व्हची जागा पंपापासून दूर, तिथून न दिसणारी. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिल्या पंपाचं परमिट सापडलं, व्हॉल्व्हचं माहीत नव्हतं. पंप सुरू केला, त्या टोकाशी वायू सुटला. १६७ माणसं गेली. तिथे परमिटची पद्धत होती, फॉर्म होते, सह्याही होत्या.

तुमच्या हजेरीपत्रकात पाळी बदलायला किती मिनिटं धरली आहेत? बहुतेक ठिकाणी शून्य. दोनला एक पाळी सुटते, दोनला दुसरी लागते, हॅन्डओव्हर गेटवर चालता चालता होतो. पंधरा मिनिटांचा वेळ दोन्ही पाळ्यांच्या पगारात धरा. परमिटं नंबराच्या क्रमाने फाइलला न लावता प्लांटच्या नकाशावर जागेनुसार टांगा. एकाच उपकरणाची दोन परमिटं आपोआप शेजारी येतील. अर्धवट थांबलेल्या कामांना वेगळा रंग द्या आणि येणाऱ्या सुपरवायझरने जाणाऱ्यासोबत त्या नकाशासमोर उभं राहूनच सही करावी.

बदलांचं प्रकरण याहून चोरटं आहे. १ जून १९७४ ला इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात २८ जण मेले. एकापुढे एक असलेल्या सहा रिअॅक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला, तो काढला आणि चौथ्या-सहाव्याला जोडणारा वाकडा पाइप बसवला. जोडणीची तोंडं २८ इंची, पाइप २० इंची, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घड्यांचे लवचीक जोड. दाबाने तो पाइप कसा पिळवटेल याचा हिशेब झाला नाही. ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. उत्पादन लवकर सुरू करायचं होतं. आपल्याकडे पाइप बदलायला चेंज फॉर्म भरला जातो, मान्य. पण वेगळ्या मटेरियलचं गॅस्केट, तीनऐवजी दोन ऑपरेटर, ट्रिपचा सेट पॉइंट (यंत्र ज्या आकड्याला आपोआप बंद पडतं तो) थोडा वर सरकवणं, हे बदल कुठे नोंदवले जातात?

आणि बंद ठेवलेली संरक्षणं. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीपासून बंद होती, फ्लेअरकडे (सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे) जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि वायू धुणारा स्क्रबर स्टँडबायवर होता. प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी काहीतरी कारण असणारच, एकेकटी पाहिली तर पटणारंही. ती सगळी एकाच कागदावर, एकाच नजरेत येणं गरजेचं असतं. म्हणून आमची मागणी आहे की रोजच्या उत्पादन बैठकीत पहिलं पान उत्पादनाचं नसावं. बायपास केलेले इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप अडवणाऱ्या यंत्रणा), यंत्रांवरून काढलेले गार्ड, बंद अलार्म, दुरुस्तीला गेलेला फायर पंप: कधीपासून, कुणाच्या सहीने, कधी पूर्ववत होणार. तारीख उलटली तर ते उपकरण चालवायचं नाही, आणि मुदत वाढवायची तर सही तुमची. आमची नको.

गेटवरच्या फलकाबद्दलही बोलायला हवं. ‘अपघातविरहित दिवस: ४१२.’ हा आकडा वाढला की बक्षीस आहे. मग बोट कापलेल्या माणसाला टाके घालून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं जातं, म्हणजे सुट्टी लागत नाही आणि आकडा मोडत नाही. शिवाय किरकोळ जखमा कमी म्हणजे मोठा स्फोट होणार नाही, हा समजच चुकीचा आहे. घसरून पडणं आणि टॉवर (रिफायनरीत तेलाचे घटक वेगळे करणारं उंच पात्र) भरून वाहणं यांची कारणं वेगळी असतात. २३ मार्च २००५ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत १५ जण मेले. तिथे वैयक्तिक इजांचे आकडे सुधारलेले होते. पन्नासेक मीटर उंचीच्या टॉवरमध्ये पातळी मोजणारं मीटर मात्र फक्त तळाचे तीनेक मीटर पाहणारं होतं, आणि टॉवर भरत असताना ते पातळी उतरत असल्याचं दाखवत राहिलं. मेलेले सगळे कंत्राटी लोक, जवळ उभ्या केलेल्या ट्रेलरांमध्ये किंवा त्यांच्या आसपास. ते ट्रेलर तिथे का उभे होते, हा रिस्क असेसमेंटचा प्रश्न होता.

फलक काढून टाका असं म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावा: या महिन्यात किती निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, कळवले गेले आणि त्यांतल्या किती बाबतीत प्रत्यक्ष काही बदललं. आकडा शून्य आला तर अभिनंदन करू नका, चौकशी करा. निअर मिसचे कागद का सुकतात, हेही सांगतो. पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा येतो म्हणून. आणि कळवूनही गळका ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील) दोन महिने तसाच गळतो म्हणून. कळवणाऱ्याला आठवड्यात उत्तर मिळालं पाहिजे, नकार असला तरी कारणासह.

सगळ्यात अडचणीतला माणूस म्हणजे रोजंदारीवरचा कंत्राटी कामगार. धोका त्यालाच आधी दिसतो, कारण हात त्याचा असतो. पण तो ‘थांबा’ म्हणाला तर त्याची रोजंदारी बुडते आणि उद्या गेटपास मिळत नाही. त्याने थांबवलेल्या कामाचे तास कंत्राटाच्या बिलात मान्य होतील, अशी एक ओळ टेंडरमध्ये घाला. पोस्टरवर ‘काम थांबवण्याचा अधिकार’ छापण्यापेक्षा ती ओळ जास्त काम करेल. आणि ज्या दिवशी कुणी उगाचच काम थांबवलं असं निघेल, त्या दिवशी तुम्ही काय बोलता याकडे सगळा प्लांट कान देऊन असेल.

शेवटी एकच विनंती. उद्या सकाळी चळत आली की त्यातलं एक परमिट उचला आणि त्या कामाच्या जागी चालत जा. सुपरवायझरला नको, प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारा: इथे काय चुकू शकतं? ते चुकलं तर तुला कोण आणि कसं बाहेर काढणार? हे बंद आहे हे तू कशावरून म्हणतोस? त्याची उत्तरं आणि कागदावरची उत्तरं जुळली नाहीत तर सही थांबवा. फक्त चळतीतलं सगळ्यात वरचं परमिट काढू नका. ते आम्ही नीट भरून ठेवलेलं असतं.

आपले,
मेंटेनन्स, ऑपरेशन आणि सुरक्षा विभागातले आम्ही